विहीर खारी आहे, मग प्यायचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळा लागला की या सदरात पाण्याचे प्रश्न येतातच, पण यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आली: विहिरीला पाणी आहे, भरपूर आहे, पण खारं आहे. बहुतेक पत्रं अकोला, अमरावती, बुलढाणा या खारपाणपट्ट्यातली, एक कोकणातलं, एक पुण्याहून गावासाठी लिहिलेलं. म्हणून हा पूर्ण अंकच खाऱ्या पाण्याला दिलाय. काही उत्तरं लांबलीत, पण जिथे लोकांचे पैसे आणि तब्येत दोन्ही अडकलंय तिथे दोन ओळीत उरकणं मला बरोबर वाटत नाही.

प्रश्न: आमचं गाव तेल्हारा तालुक्यात. नळाचं पाणी येतं पण त्याचा भरवसा नाही, कधी आठवडा जातो कधी जास्त. गावात पंचायतीची विहीर आहे तिचा टीडीएस २८०० निघाला. आमचा महिला बचत गट म्हणतो आरओ प्लांट टाकू आन जार विकू, गावाचीही सोय आन गटालाही दोन पैसे. एका माणसाने कोटेशन दिलं त्यात फक्त "ताशी १००० लिटर" लिहिलंय. घ्यावा का?

ताई, आधी कोटेशन बाजूला ठेवा आणि पाण्याचा पूर्ण रिपोर्ट काढा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची मिळून बेरीज, तो २८०० म्हणजे एका लिटरमध्ये २.८ ग्रॅम क्षार, एवढंच त्यातून कळतं, पण ते क्षार कोणते हे कळत नाही आणि मशीन कसं बसवायचं हे त्यावरच ठरतं. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात टीडीएस लिटरला ५०० मिग्रॅ पर्यंत चांगला आणि दुसरा काही स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा असं आहे. क्लोराईड २५० आणि नाइलाज असेल तर १०००, फ्लोराईड १ आणि नाइलाजाने १.५, आणि नायट्रेट ४५, त्याला मात्र काहीच सूट नाही कारण ते तान्ह्या बाळांना घातक असतं. तर तुमच्या रिपोर्टमध्ये क्लोराईड, सल्फेट, हार्डनेस, फ्लोराईड, नायट्रेट, लोह आणि सिलिका एवढं तरी पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये विचारा, ग्रामपंचायतीच्या पत्राने नमुना द्या. आणि नमुना दोनदा द्या, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, कारण मे मधलं पाणी सगळ्यात वाईट असतं आणि प्लांट त्या पाण्यावर चालला पाहिजे, दिवाळीच्या पाण्यावर नाही.

आता आरओ करतं काय ते समजून घ्या म्हणजे कोणी काही गळ्यात मारणार नाही. मधे एक पातळ पडदा असतो, मेम्ब्रेन म्हणतात, त्यातून पाणी जातं पण क्षार बहुतांश अडतात. पण पाणी आपणहून खाऱ्या बाजूकडून गोड्या बाजूला जात नाही, त्याची ओढ उलटी असते, म्हणून पंपाने दाबून ढकलावं लागतं. जेवढं पाणी खारं तेवढा दाब जास्त. तुमच्या २८०० च्या पाण्याची ती उलटी ओढच साधारण २ बारची (बार हे दाबाचं माप) आहे, आणि मेम्ब्रेनच्या आत जसजसं गोडं पाणी निघून जातं तसं मागे राहिलेलं अजून खारं होतं, म्हणजे शेवटाला ती दुप्पट होते. घरच्या भिंतीवरच्या आरओचा पंप ४-५ बारच देतो, म्हणून खारपाणपट्ट्यात ती घरगुती मशीनं थोड्याच दिवसात थकतात आणि लोक म्हणतात आरओ बेकार. गावाच्या प्लांटला हाय प्रेशर पंप लागतो, १० बारच्या पुढचा, आणि मेम्ब्रेन खाऱ्या भूजलासाठीचं लागतं.

कोटेशनवाल्याला एवढं विचाराच. ताशी १००० लिटर हे आत जाणारं पाणी की बाहेर येणारं गोडं पाणी? किती टक्के पाणी गोडं मिळणार आणि किती रिजेक्ट, म्हणजे मागे राहिलेलं जास्त खारं पाणी, जाणार? मेम्ब्रेनच्या आधी वाळूचा फिल्टर, कार्ट्रिज फिल्टर आणि अँटीस्केलंटचा डोसिंग पंप आहे का? (हार्डनेस जास्त असेल आणि अँटीस्केलंट नसेल तर मेम्ब्रेनवर चुना बसतो, बॉयलरच्या भांड्यात बसतो तसाच.) मेम्ब्रेनच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे प्रेशर गेज आहे का? बिघडल्यावर माणूस कुठून येणार, अकोल्याहून की नागपूरहून? हे सगळं लेखी घ्या. जो लेखी देत नाही त्याचं मशीन घेऊ नका.

पैशाचा हिशोबही करून बघा. समजा ३०० घरं, घराला रोज एक जार २० लिटरचा, म्हणजे ६००० लिटर. जारचे ५ रुपये धरले तर दिवसाचे १५०० होतात पण सगळी घरं रोज घेत नाहीत, निम्मीच धरा, आणि पावसाळ्यात त्याहून कमी. तर महिन्याला वीस-बावीस हजार हातात. त्यातून ऑपरेटरचा पगार, लाईट बिल (छोट्या प्लांटला हजार लिटरमागे दोन-तीन युनिट सहज जातात, शिवाय विहिरीतून उपसायचा पंप वेगळा), कार्ट्रिज, केमिकल, आणि मेम्ब्रेनसाठी दर महिन्याला बाजूला टाकायची रक्कम. ही शेवटची रक्कम कोणी टाकत नाही आणि प्लांट तिथेच बंद पडतात. मेम्ब्रेन काही वर्षांनी बदलावंच लागतं, चांगलं ठेवलं तरी. बचत गटाला हे मी सांगायला नको, महिन्याचा हप्ता बाजूला काढायची शिस्त तुमच्याकडे कंपनीवाल्यांपेक्षा जास्त आहे, म्हणूनच मला वाटतं प्लांट गटानेच चालवावा, फक्त विहीर, जागा आणि वीज यांचा करार ग्रामसभेत ठराव करून लेखी घ्या.

आणि नळयोजना सोडू नका. वान धरणावरची ८४ खेडी योजना याच भागासाठी आहे, धरणाचं पाणी गोडं आहे, त्याला मेम्ब्रेन लागत नाही. गावात प्लांट आला म्हणून पंचायतीने नळाच्या पाण्यासाठी भांडणं सोडून दिलं असं होऊ देऊ नका. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही असे प्लांट तात्पुरता उपाय म्हणूनच धरलेत, माणशी ८ ते १० लिटर, फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला, नळाने ५५ लिटर मिळेपर्यंत.

प्रश्न: समुद्र आमच्यापासून इतका लांब, तरी आमच्याच जमिनीखाली खारं पाणी कसं काय? लोणारमुळे आहे का?

लोणारचा याच्याशी संबंध नाही, ते सरोवर बसाल्टच्या खडकात उल्का पडून झालंय आणि त्याचं पाणी त्या खड्ड्यापुरतं. तुमच्याकडचा खारेपणा पूर्णा नदीच्या गाळातला. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या खोलगट भागात पूर्णेने गाळाचे शेकडो फूट जाड थर टाकलेत, चिकण मातीचे, उतार फार कमी, त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही आणि क्षार वाहून जायच्या ऐवजी साचत राहिले. साधारण ४७०० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे हा, तिन्ही जिल्ह्यांतली जवळपास ९०० गावं त्यात येतात. मातीत सोडियम जास्त म्हणून तीच जमीन पावसात चिकट होते आणि उन्हात दगडासारखी. एकाच गावात एक विहीर बरी आणि पन्नास पावलांवरची तोंडात घेववत नाही असं होतं ते याच थरांमुळे, वर पावसाचं मुरलेलं थोडं गोडं पाणी तरंगतं, खाली खारं. म्हणून बोअर अजून खोल नेली की पाणी गोडं लागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, इथे बहुतेक वेळा उलटंच होतं.

प्रश्न: पाणी उकळून, तुरटी फिरवून, तांब्याच्या हंड्यात ठेवून खारेपणा जातो का? सासूबाई म्हणतात शेवग्याच्या बिया टाका.

नाही जात, यातल्या कशानेही नाही. उकळल्याने जंतू मरतात पण पाण्याची वाफ होऊन ते उलट थोडं जास्त खारं होतं. (थोडा चुना खाली बसतो, भांड्याला पांढरं लागतं ते, पण मीठ तसंच राहतं.) तुरटी आणि शेवग्याच्या बिया गढूळपणा खाली बसवतात, त्यात सासूबाईंचं बरोबर आहे, पुराचं गढूळ पाणी निवळायला शेवगा खरंच कामाचा आहे. पण विरघळलेलं मीठ गढूळपणासारखं तरंगत नसतं. कँडलचा फिल्टर, यूव्ही, वाळूचा फिल्टर, क्लोरीन, ही सगळी दुसऱ्या कामाची साधनं आहेत. मीठ काढायचं तर एकतर पाण्याची वाफ करून परत पाणी करायचं, नाहीतर पडदा वापरायचा, दाबाने किंवा विजेने.

प्रश्न: आमच्या गावात प्लांट आहे, संग्रामपूर तालुका. पाणी चांगलं येतं पण बाजूने जे पाणी निघतं ते नालीत सोडतात आणि ते एका शेतात जातं. त्या शेतकऱ्याने भांडण केलं. तो म्हणतो माझं शेत गेलं. त्याचं बरोबर आहे का?

त्याचं बरोबर आहे, आणि हा प्रश्न प्लांट बसवायच्या आधी कोणी विचारत नाही म्हणून मी यावर जास्त लिहिणार आहे.

आरओ मीठ नाहीसं करत नाही, बाजूला करतं. २८०० टीडीएसचं पाणी घेतलं, रोज १२,००० लिटर आत गेलं, निम्मं गोडं निघालं, म्हणजे ६००० लिटर लोकांनी नेलं. आत गेलेल्या पाण्यात जवळपास ३३ किलो क्षार होते, गोड्या पाण्यात त्यातले अर्धा-एक किलो गेले, बाकीचे सगळे उरलेल्या ६००० लिटर रिजेक्टमध्ये. रोजचे ३३ किलो, वर्षाचे १२ टन. एका गावाचे. ते १२ टन मीठ ट्रॅक्टरने आणून कोणाच्या शेतात ओतलं असतं तर अख्खं गाव जमा झालं असतं, पाण्यात विरघळलेलं आहे म्हणून दिसत नाही एवढंच. आणि ज्या जमिनीत आधीच सोडियम जास्त, जिथे निचराच नाही, तिथे ते पाणी गेलं की मातीचे कण फुगतात, छिद्रं बुजतात, मग पावसाचं पाणीसुद्धा मुरत नाही. ती जमीन परत आणायला जिप्सम, चर, हिरवळीचं खत आणि कित्येक वर्षं लागतात.

मग काय करायचं? सगळ्यात आधी रिजेक्ट कमी करा. ऑपरेटर कधीकधी मेम्ब्रेन जपायला म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवतो आणि सत्तर टक्के पाणी वाया जातं, दोन्हीकडचे फ्लोमीटर बघा, रोज वहीत लिहा. दुसरं, फुकट जाणाऱ्यातलं जेवढं वापरता येईल तेवढं वापरा, शाळेच्या आणि पंचायतीच्या संडासाला, ट्रॅक्टर-बैलगाडी धुवायला. गुरांना पाजू नका, कारण मिठाबरोबर विहिरीतलं नायट्रेट आणि फ्लोराईडही त्यात दुप्पट झालेलं असतं. बांधकामालाही देऊ नका, लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिग्रॅच्या वर नको असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं, नाहीतर सळई आतून गंजते आणि स्लॅब दहा वर्षांत टवके सोडतो.

उरलेलं पाणी वाळवायचं, प्लास्टिक फिल्म अंथरलेल्या उथळ तळ्यात. जागा किती लागते त्याचा अंदाज घ्या. पाऊस वजा करून वर्षभराची सरासरी दिवसाला २ मिलीमीटर पाणी उडतं असं धरलं तर रोजच्या ६००० लिटरला ३००० चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण ३० गुंठे, पाऊण एकर. कोणत्याही कोटेशनमध्ये हा पाऊण एकर नसतो. पण प्लांट अर्ध्या क्षमतेने चालला, रिजेक्ट थोडं कमी केलं, थोडं संडासाला गेलं तर दहा-बारा गुंठ्यात भागू शकतं, आणि गावठाणाजवळ ई-क्लासची (सरकारी) पडीक जमीन असते, तिथे पंचायत हे करू शकते. बंद पडलेल्या बोअरमध्ये रिजेक्ट सोडायचा सल्ला कोणी दिला तर साफ नाही म्हणा. ते पाणी परत तुमच्याच विहिरीत येणार.

त्या शेतकऱ्याला आज काय सांगायचं: नाली आजच दुसरीकडे वळवा, त्याच्या मातीचा नमुना कृषी विद्यापीठाच्या किंवा मृद परीक्षणाच्या लॅबमध्ये द्या, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे तिथे खारपाणपट्ट्याच्या जमिनींवर पुष्कळ काम झालंय, आणि जिप्समचा खर्च प्लांटच्या पैशातून करा. गावाने गोडं पाणी प्यायलं त्याची किंमत एकट्याने का भरायची?

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. काचेच्या पेटीत उन्हाने खारं पाणी गोडं करायचा प्रयोग मुलांनी केला, छान झाला. हेच मोठं करून शाळेपुरतं पाणी मिळेल का?

सर, प्रयोगाबद्दल मुलांना शाबासकी. ही पद्धत खूप जुनी आहे, १८७२ मध्ये चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे खाणीवर असंच एक मोठं काचेचं सोलर स्टिल उभं केलं होतं, खाणीत काम करणाऱ्या खेचरांना पाणी द्यायला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवानिया गावात दिवसाला ५००० लिटरचं केलं होतं, त्याला काचेखालचं क्षेत्रफळ लागलं १८६६ चौरस मीटर.

भागाकार मुलांनाच करायला द्या. एका चौरस मीटरला तीन लिटरपेक्षा कमी येतं. कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला भरमसाट उष्णता लागते, आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसभरात ऊन पडतं त्यात फार तर आठ लिटर उडाले असते, पण काचेतून, बाजूंनी, तळातून उष्णता जाते आणि हातात दोन-तीन लिटर राहतं. म्हणजे १०० मुलांना प्रत्येकी २ लिटर द्यायचे तर ७०-८० चौरस मीटर काच, रोज पुसायची, फुटली की बदलायची, सांधे वाफ सोडतात ते सील करायचे, आणि पावसाळ्यात जवळपास बंद. शाळेच्या पूर्ण पाण्याला मी हे सुचवणार नाही. पण एक-दोन मोठ्या पेट्या कायम ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला डिस्टिल्ड वॉटर लागतंच, प्रयोगशाळेलाही लागतं, ते विकत आणायचं बंद होईल. प्यायला ते पाणी वापरलं तर भांडी आणि नळ्या स्वच्छ हव्यात, क्लोरीनचा थेंब हवा.

शाळेला पाणी हवंय ना, मग छताकडे बघा. एक मिलीमीटर पाऊस एका चौरस मीटर छतावर पडला की एक लिटर पाणी होतं. घराचं ४० चौरस मीटर छत, वर्षाचा ७०० मिलीमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेलं धरा, तरी २२,४०० लिटर. पाच माणसांच्या घराला प्यायला-रांधायला रोज २५ लिटर म्हणजे वर्षाला ९१२५. म्हणजे ज्या घरात खाऱ्या पाण्यामुळे जार विकत येतो त्याच्या छतावरून गरजेच्या दुप्पट पाणी दरवर्षी खारपाणात वाहून जातं. अडचण साठवायची आहे, दहा हजार लिटरची बंद टाकी स्वस्त नसते, पण आरओच्या मेम्ब्रेनसारखी ती बदलावी लागत नाही, तिला लाईट लागत नाही आणि तिच्यातून रिजेक्ट निघत नाही. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्या, टाकीत उजेड आणि डास जाऊ देऊ नका, क्लोरीन टाका. शाळेचं छत तर केवढं मोठं असतं! माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिला पैसा इथे घालावा आणि आरओ उन्हाळ्यातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ठेवावा.

प्रश्न: आरओचं पाणी प्यायल्याने हाडं दुखतात, त्यात सत्त्व नसतं असं व्हॉट्सॲपवर येतं. आमच्या प्लांटच्या पाण्याचा टीडीएस ३० येतो. प्यावं का?

प्या, पण ३० पर्यंत खाली न्यायची गरज नाहीये. शरीराला कॅल्शियम-मॅग्नेशियम मुख्यतः जेवणातून मिळतं, तरी अगदीच रिकामं पाणी चवीला बेकार लागतं आणि पाईपही खातं. प्लांटला बायपासचा व्हॉल्व्ह असतो, त्यातून थोडं गाळलेलं मूळ पाणी परत मिसळून टीडीएस १५०-२०० ला आणा. दहा टक्क्यांपेक्षा कमीच लागेल. मात्र मूळ पाण्यात फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त असेल तर मिसळण्याआधी त्यांचा हिशोब करा, आणि मिसळलेल्या पाण्याचे जंतू मारलेच पाहिजेत. उलट ज्यांच्या नळाचा टीडीएसच ५०० च्या आत आहे त्यांनी आरओ लावूच नये, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही तेच म्हटलंय.

आणि एक, टीडीएस मीटर बाजारात स्वस्त मिळतो म्हणून सगळे तो पाण्यात बुडवून "पाणी चांगलं" म्हणतात. त्याला जंतू दिसत नाहीत, फ्लोराईड वेगळं दिसत नाही. तो ऑपरेटरला मेम्ब्रेन कधी खराब झालं ते सांगायला आहे, त्या कामाला रोज वापरा.

प्रश्न: आमच्या गावात किडनीचे पेशंट खूप आहेत, दर वर्षी कोणीतरी जातं. हे पाण्यामुळेच ना? आता मी काय करू, माझी दोन लेकरं आहेत.

तुमची भीती खरी आहे ताई, या पट्ट्यातल्या अनेक गावांत हेच दुःख आहे. अशा आजारात डॉक्टर पाण्याबरोबर इतर गोष्टीही बघतात: बीपी, शुगर, मनाने घेतलेल्या पेनकिलर गोळ्या, फवारणीची औषधं, उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी होणं. यात शेवटची गोष्ट पाण्याशी जोडलेली आहे आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही, पाणी खारं लागतं म्हणून लोक तहान मारून दिवस काढतात, बाया तर शेतात अजूनच कमी पितात. म्हणून प्यायला चव असलेलं पाणी शेतात सोबत नेणं हाही उपचारच समजा. घरातल्या मोठ्यांचं बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासून घ्या, सुरुवातीला आजार काही दाखवत नाही आणि तेव्हाच सापडला तर आवरता येतो. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनाने घेणं बंद करा. ज्यांना किडनीचा आजार निघालाय त्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, जास्त पाणी त्यांना चालेलच असं नाही. लेकरांना प्लांटचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी द्या, विहिरीचं धुण्या-भांड्याला.

प्रश्न: वेंगुर्ला तालुका. आमची विहीर समुद्राजवळ, आजोबांच्या काळापासून गोडी. गेली काही वर्षं एप्रिलपासून खारट होते. शेजारी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, त्यांनी बोअर मारलीय. आम्ही आरओ लावावा का?

तुमची गोष्ट विदर्भापेक्षा वेगळी आहे. किनाऱ्यावर जमिनीखाली खारं पाणी समुद्रातून आत शिरलेलं असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगतं. ढोबळ नियम असा की समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. आता हे उलटं वाचा, उपशाने पातळी १ मीटर खाली गेली की खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर यायला बघतं. खोल बोअर आणि मोठा पंप म्हणजे ते वर ओढून घेणंच.

आरओ लावलात तर विहिरीतलं पाणी अजून दुप्पट उपसाल आणि खारेपणा वाढेल. आधी विहिरीवरचा मोठा पंप काढून लहान लावा, थोडं थोडं वरवरचं पाणी घ्या, सकाळ-संध्याकाळ वाटून, विहिरीचा तळ खोल करू नका. कोकणात पाऊस काही कमी नाही, छताचं आणि वाडीतलं पाणी गाळून विहिरीच्या बाजूला मुरवा, व्हाळावर (ओढ्यावर) मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे घाला. आणि बोअरचा विषय ग्रामसभेत काढा, तो तुमचा एकट्याचा नाही, त्या रांगेतल्या सगळ्या विहिरींचा आहे, त्या खोल्यांना येणाऱ्या पाहुण्यांचाही आहे कारण पुढच्या काही वर्षांत त्यांची बोअर सगळ्यात आधी खारी होणार.

प्रश्न: मी पुण्यात आयटीमध्ये आहे, मूळ गाव दर्यापूर तालुक्यात. आम्ही गावची मुलं मिळून पैसे जमवतोय, आरओच घ्यावा की अजून काही नवीन टेक्नॉलॉजी आहे? आणि देणगी कशी द्यावी?

आरओ काही फार जुनं नाही. कामाचा पडदा १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला, आणि लोकांना पाणी देणारा पहिला प्लांट १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या छोट्या गावात लागला, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावरच. तिथेही एकेकाळी पाणी बाहेरून यायचं, रेल्वेच्या टाक्यांमधून.

दुसरी पद्धत इलेक्ट्रोडायलिसिस. यात पाणी पडद्यातून ढकलत नाहीत, विजेने मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ओढून बाजूला काढतात. त्यामुळे पाणी मध्यम खारं असेल, दोन-तीन हजार टीडीएसपर्यंत, तर वीज कमी लागते आणि रिजेक्ट खूपच कमी निघतं, ९० टक्क्यांपर्यंत पाणी गोडं मिळू शकतं. आपल्या जळगावच्या जैन इरिगेशन आणि अमेरिकेतल्या एमआयटीने मिळून सोलरवर चालणारं असं यंत्र केलं, २०१५ मध्ये त्याला अमेरिकन सरकारच्या यूएसएडचं डिसाल प्राइझ मिळालं. खारपाणपट्ट्याला ते किती जुळतं बघा, जिथे रिजेक्ट टाकायला जागाच नाही! पण ज्या मशीनचा सुटा भाग अमरावतीत मिळतो आणि जे तालुक्यातला मेकॅनिक उघडू शकतो ते आज आरओ आहे. शिवाय इलेक्ट्रोडायलिसिसने जंतू जात नाहीत, यूव्ही किंवा क्लोरीन लागतंच. तर चौकशी करा, पण सर्व्हिस देणारा जवळ असेल तरच.

देणगीचं म्हणाल तर सगळे पैसे मशीनला देऊ नका. मशीनवर मान्यवरांची पाटी लागते, फोटो येतो, आणि दोन वर्षांनी मेम्ब्रेन गेल्यावर पाटी तेवढी राहते. अर्धे पैसे गावाच्या नावाने बँकेत ठेवा, पंचायत आणि बचत गट यांच्या जोड सहीवर, मेम्ब्रेन आणि मोटरसाठीच निघतील असे. वर्षातून दोनदा पाण्याची तपासणी तुमच्या खर्चाने करा आणि रिपोर्ट गावाच्या ग्रुपवर टाका. गावातल्या दोन पोरा-पोरींना ऑपरेटरचं ट्रेनिंग द्या, एकच नको, एकजण लग्नाला गावाला गेला की प्लांट बंद राहतो. आयटीवाले आहात तर फ्लोमीटर आणि प्रेशरचे रोजचे आकडे फोनवर भरता येतील अशी साधी शीट बनवून द्या, दाबातला फरक वाढायला लागला की मेम्ब्रेन धुवायची वेळ झाली हे पुण्यात बसून तुम्हालाही कळेल. आणि पाण्याचा दर शून्य ठेवू नका, पण ज्या घरात कमावणारं कोणी नाही त्यांची यादी ग्रामसभेत करा आणि त्यांचे जार तुमच्या पैशातून भरा.